घरातली सुट्टी

गावाकडं सुट्टी हा शब्द शाळेतल्या पोरांचा आणि नोकरदारांचा. शेतकरी वापसा नाही म्हणून घरी बसतो, लाईट नाही म्हणून मोटारीपाशी बसतो, पण सुट्टी म्हणून कधी बसत नाही. दारात दुभतं जनावर असलं की दोन्ही वेळची धार चुकत नाही. म्हशीला रविवार कळत नाही. म्हणून चार दिवस कुठं फिरून यावं असं निघालं की पहिला प्रश्न तोच, धारा कोण काढणार? बेत तिथंच मोडतो.

हल्ली शहरातली माणसंही म्हणायला लागलीत, की फिरायला जाऊन दमून येण्यापेक्षा घरीच निवांत राहावं. ऐकून बरं वाटलं. आम्ही जन्मभर करतोय त्याला आता मान मिळाला म्हणायचा! पण मग विसावा असतो तरी कुठं? जाग्यात की माणसात?

जाग्यात म्हणावा, तर आमचा सातारा जिल्हा विसाव्याचंच ठिकाण. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्याचा कारभार उन्हाळ्यात महाबळेश्वरला हलायचा. कासचं पठार २०१२ साली जागतिक वारशात गेलं, तेव्हापासून फुलांच्या दिवसांत तिथं गाड्यांची रीघ. जाग्यातच विसावा असता, तर वेण्णा तळ्यावर घोडा धरून चालणारा माणूस सगळ्यांत निवांत असायला पाहिजे होता. त्याला तर भर हंगामात घास खायची सवड नसते.

सांगलीकडं विटा, खानापूर, आटपाडी हा दुष्काळी टापू. तिथली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली. त्यांना गलाईवाले म्हणतात. उभा मुलूख बघितलेली ही माणसं. पण गावच्या जत्रेला आली की कुठं जात नाहीत. बनियनवर कट्ट्यावर बसायचं, भाकरी-आमटी वरपायची, लिंबाखाली झोपायचं. त्यांना घर हेच थंड हवेचं ठिकाण.

म्हणजे घरात विसावा असतो म्हणावं का? तसंही नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि आमच्या भागातले कितीतरी गिरणीकामगार गावी परतले. घर तेच, कट्टा तोच, लिंबही तोच. काम तर सुटलेलंच होतं. पण त्या कट्ट्यावर बसलेल्या माणसाला कुणी निवांत म्हटलं नसतं. पोस्टमन लांबून दिसला तरी तो उठून उभा राहायचा. हाताला काम नसणं वेगळं आणि हात थोडा वेळ मोकळा असणं वेगळं. विसाव्याला मागं कामाचा टेकू लागतो. उद्या सकाळी आपल्याला कुणीतरी हाक मारणार आहे, हे माहीत असलं तरच आजची झोप गोड.

त्याच गिरण्यांत शंभर वर्षांपूर्वी उलटी तऱ्हा होती. काम होतं, पण आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी झगडा केला आणि १८९० साली कामगारांना रविवार मिळाला. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीमागचं एक कारण सांगतात. आमच्याकडं पालीचा खंडोबा कितीतरी घरांचं कुलदैवत, त्यामुळं हे पटतं. एवढं झगडून मागितलेली ती सुट्टी हवा खायला जाण्यासाठी नव्हती. सातातला एक दिवस आपला असावा, मालकाचा नसावा, एवढंच मागणं होतं.

आता खरा गुंता. घरात बसून सुट्टी घ्यायची म्हटली, तर घरातल्या बाईचं काय? आमची कारभारीण एकदा म्हणाली, "तुमी घरात बसला की माझा च्या वाढतोय. चार येळा चूल पेटवायची ती मीच." तिला उत्तर द्यायला माझ्याकडं काही नव्हतं. आपल्या जुन्या रीतीत बाईला विसावा होता, पण तो माहेरी. पंचमीला भाऊ न्यायला यायचा तेव्हा. बाप्यानं विसाव्यासाठी घर गाठायचं आणि बाईनं विसाव्यासाठी घर सोडायचं. एकाच घराची ही दोन तोंडं. ज्या घरात बाईला विसावा घेता येत नाही, तिथं बाप्याची सुट्टी म्हणजे तिच्या खांद्यावरचं जादा ओझं.

आषाढात आमच्याकडं बेंदूर येतो. आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी होते, बेंदराला त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. त्याला कुणी महाबळेश्वरला नेत नाही. त्याच गोठ्यात, त्याच दावणीला त्याला सुट्टी मिळते. कारण त्या दिवशी त्याला कुणी काही मागत नाही, उलट त्याचंच सगळे करतात. घरातली सुट्टी कशी असावी हे त्याच्याकडनं शिकावं. पण त्याच्या तोंडात जाणारी पुरणपोळी लाटायला घरातल्या बाया पहाटेपासून चुलीपुढं असतात. बैलासाठी पंचांगात एक दिवस आहे. त्यांच्यासाठी नाही.

पंचांग बदलणं आपल्या हातात नाही. पण वर्षातून चार दिवस पोरांनी धारा काढाव्यात, बाप्यांनी पिठलं-भात टाकावा, भांडी घासावीत, आणि तिला काहीच मागू नये. एवढं जमलं तर घरातली सुट्टी खरी. नाहीतर सरळ एसटीत बसावं आणि तिला घेऊन कुठंतरी जावं. धारा शेजारी काढील.