तंतू, पट आणि कोड
कार्य उत्पन्न होण्यापूर्वी आपल्या कारणात असते की नसते, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद. सांख्यांच्या सत्कार्यवादानुसार ते असते: तेल हवे असणारा तीळ घेतो, वाळू घेत नाही, कारण तेल तिळात अव्यक्त रूपाने आधीच असते. न्याय-वैशेषिकांच्या आरंभवादानुसार ते नसते: तंतू विणले की तंतूंहून वेगळा पट नव्याने अस्तित्वात येतो. ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये हा वाद रोजच्या व्यवहारात उतरतो. हाताशी असलेला कोड पुढे न्यायचा की सगळे पहिल्यापासून लिहायचे? परवाना दोन्ही वाटा मोकळ्या ठेवतो.

सत्कार्यवादाला सोयीचे उदाहरण इंकस्केप या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरचे. राफ लेव्हियन यांच्या गिल या प्रकल्पातून सोडीपोडी निघाले आणि 2003 मध्ये सोडीपोडीच्या चार विकासकांनी वेगळे होऊन इंकस्केप सुरू केले. एसव्हीजी हे रेखाचित्रांच्या फाइलींचे मानक किती काटेकोर पाळायचे, बाहेरच्यांचे बदल किती मोकळेपणाने स्वीकारायचे, असे मतभेद त्यामागे होते. कोड सगळा जुनाच होता. कार्य आधीच असेल तर कर्त्याचे श्रम कशासाठी, या आक्षेपाला सांख्य ‘अभिव्यक्तीसाठी’ असे उत्तर देतात. इथे ते श्रम थोडे नव्हते: सी भाषेतला कोड सी प्लस प्लसमध्ये नेला गेला आणि 1.0 आवृत्ती 2020 मध्ये आली.

क्रिता या चित्रे रंगवण्याच्या सॉफ्टवेअरची गोष्ट उलटी. 1998 मध्ये माथियास एट्रिख यांनी गिम्प या चित्र-संपादकाला क्यूटी या साधनसंचाचा दर्शनी भाग जोडून दाखवला. गिम्पच्या मंडळींना ते रुचले नाही आणि क्यूटीवर उभ्या असलेल्या केडीई या डेस्कटॉप प्रकल्पाच्या गोटात स्वतंत्र चित्र-संपादकाचे काम सुरू झाले. तोच पुढे क्रिता झाला; वापरण्याजोगी पहिली आवृत्ती मात्र 2005 मध्ये, केडीईच्या केऑफिस या कार्यालयीन संचाच्या 1.4 आवृत्तीबरोबर आली. आरंभाची किंमत ही अशी वर्षांत मोजावी लागते. अर्थात शून्यातून आरंभ नैयायिकही मानत नाहीत. पटाला तंतू हे समवायी कारण, म्हणजे ज्यात कार्य राहते ते द्रव्य, लागतेच. क्रिताचे तंतू क्यूटी आणि केडीईचे होते.

गिम्पचे कर्ते स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस यांनी तर तंतूही स्वतः कातले. बर्कलीत 1995 मध्ये सुरू झालेला गिम्प आधी मोटिफ या मालकी संचावर उभा होता. तो सोडून त्यांनी बटणे, मेनू, खिडक्या यांच्यासाठी जीटीके लिहिला. त्याच जीटीकेवर पुढे ग्नोम हा डेस्कटॉप उभा राहिला आणि इंकस्केपही. एकाचा आरंभ असा दुसऱ्याचे उपादान, म्हणजे घडणीचे द्रव्य, होतो, त्यामुळे निव्वळ आरंभवादी किंवा निव्वळ सत्कार्यवादी सॉफ्टवेअर शोधून सापडणे कठीण.

वादाची खरी कसोटी गिम्पच्या पायात आहे. जुन्या गिम्पमध्ये दर रंग-चॅनेलला 8 बिट, म्हणजे 256 पायऱ्या होत्या. संध्याकाळच्या आकाशाचा फोटो जरा उजळला की सलग उतरत्या रंगाचे पट्टे पडत. ही मर्यादा कोडभर मुरलेली होती. ती काढण्यासाठी 2000 मध्ये गेगल या नव्या इंजिनाचे काम सुरू झाले, पण ते संपूर्ण गिम्पखाली बसायला 2018 ची 2.10 आवृत्ती उजाडावी लागली. जुन्यावर बांधणे स्वस्त पडते, हा समज इथे टिकत नाही.

पाया बदललेला गिम्प तोच की दुसरा? सांख्यांना अडचण नाही. त्यांच्या मते धर्मी, म्हणजे मूळ द्रव्य, तोच; परिणाम वेगळा. वैशेषिक म्हणतात, एक तंतू काढला तरी पहिला पट नष्ट होऊन खंडपट उत्पन्न होतो. ‘तोच हा’ ही ओळख त्यांच्या मते साजात्यामुळे, म्हणजे दोन्ही एकाच जातीचे असल्यामुळे, होते. वापरणाऱ्याची साक्ष दोन्हीकडे जाते. गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारातली जुनी फाइल 2025 च्या गिम्प 3.0 मध्ये उघडते, तेव्हा सांख्यांचे म्हणणे पटते. 2.10 साठी लिहिलेले प्लगइन मात्र 3.0 मध्ये बदल केल्याशिवाय चालत नाही, तिथे वैशेषिकांचे.