न झिजलेले खेळणे

‘गंजण्यापेक्षा झिजणे बरे’ हे वाक्य आम्हां शिक्षकांचे फार लाडके. निबंधाच्या वहीत ते हमखास सापडते, निरोपसमारंभात हमखास ऐकू येते, आणि गेली वीस वर्षे मीही ते फळ्यावर लिहीत आलो आहे. वापरून संपावे, नाही तर पडून राहून वाया जावे, अशा दोनच वाटा हे वाक्य दाखवते. पण या दोहोंत न बसणारी एक तिसरी अवस्था आहे. ती मला माझ्या एका स्नेह्यांच्या काचेच्या कपाटात दिसली, आणि तेव्हापासून या सुभाषिताकडे मी जरा संशयाने पाहू लागलो आहे.

त्या कपाटात बोटभर लांबीच्या धातूच्या जुन्या मोटारी आहेत. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३४ साली ‘डिंकी टॉइज’ या नावाने अशा गाड्या विकायला सुरुवात केली. पुढे त्यांचे काही साचे कलकत्त्यास आले आणि तिथे त्याच गाड्या ‘निकी टॉइज’ म्हणून निघाल्या. लंडनच्या लेस्नी कंपनीच्या ‘मॅचबॉक्स’ गाड्या १९५३ सालच्या. त्यांच्या जन्माची हकीकत शिक्षकाने सांगण्यासारखी आहे. कंपनीचे भागीदार जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत नियम होता, की आगपेटीत मावेल एवढेच खेळणे शाळेत आणावे. बापाने तिला तेवढाच एक पितळी रोडरोलर करून दिला. शाळेचे नियम मुलांच्या खेळावर उठतात, असे म्हणणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे!

अशा लक्षावधी गाड्या निघाल्या, आणि मुलांनी त्या जिन्यावरून सोडल्या, वाळूत पुरल्या, एकमेकींवर आदळल्या. त्या त्यासाठीच होत्या. जगल्या वाचल्या त्या आज शौकिनांच्या कपाटांत आहेत.

माझे रसायनशास्त्र मॅट्रिकपुरतेच. पण स्नेह्यांनी मला पुष्कळ शिकवले. या गाड्यांचा देह लोखंडाचा नसतो. जस्तात थोडे ॲल्युमिनियम वगैरे मिसळून तो रस दाबाने पोलादी साच्यात भरतात. जस्ताला तांबडा गंज चढत नाही. दमट हवेत त्यावर पांढरी भुकटी धरते. खरा गंज लागतो तो चाकांच्या पोलादी आसाला आणि पत्र्याच्या तळाला. आमच्या कोकणात चार महिने भिंतींना ओल असते. म्हणून कपाटात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या आणि त्या वेळोवेळी बदलायच्या. आसाला सुईच्या टोकाने तेलाचा एक थेंब द्यायचा, तोही रबरी टायरला लागणार नाही अशा बेताने. ऊन लागू द्यायचे नाही, कारण रंग विटतो. उघड्या हाताने उचलायचे नाही, कारण घामातले मीठ धातूला बाधते. ओकच्या लाकडाचे कपाटही वर्ज्य, कारण त्यातून आम्लाची वाफ सुटते. एवढी निगा आमच्या घरी देवांचीही होत नाही! आणि रंगाचा टवका उडाला असला तरी नवा रंग द्यायचा नाही. हे मला मनापासून पटते. तो टवका कुठल्या तरी मुलाने उडवलेला असतो. त्यावर रंग चढवणे म्हणजे त्या मुलाला पुसून टाकणे.

पण एवढे करूनही एक रोग असा आहे, की त्याला औषध नाही. ओतताना जस्तात शिशाचा किंचित अंश राहून गेला, तर धातू आतल्या आत पोखरत जातो. गाडी फुगते, तिला भेगा पडतात, आणि अखेर तिचा चुरा होतो. युद्धापूर्वीच्या गाड्यांत हा दोष विशेष आढळतो. कोरड्या, थंड जागी ठेवल्यास त्याचा वेग मंदावतो, एवढेच. स्नेह्यांच्या एका गाडीला असेच झाले. तिच्यावर ओरखडा नव्हता, आसाला गंज नव्हता, आणि ती बहुधा हातभरही धावली नव्हती. न झिजता, न गंजता ती गेली. माझ्या सुभाषितात तिला जागाच नव्हती.

त्याच सुमारास त्यांच्या पाच वर्षांच्या नातवाने कपाटापुढे उभे राहून विचारले, “आजोबा, ह्या चालतात का?”

“चालतात की.”

“मग चालवा ना!”

स्नेही गप्प राहिले, आणि मीही.

मुलाचे म्हणणे खरे म्हणून कपाट रिकामे करावे काय? मला तसे वाटत नाही. एखादी वस्तू कधी तरी नष्ट होणारच, हे ती आज फोडण्याचे कारण होऊ शकत नाही. तसे असते तर औषधपाणीही कुणी केले नसते. शिवाय सर्वांनीच गाड्या खेळून संपवल्या असत्या, तर त्या कशा होत्या हे पुढच्यांना कळलेच नसते. थोडे उरले असेल तेव्हा कुणी तरी राखणदार व्हावे लागते.

पण दुसरी बाजूही मला टोचते. या बाजारात सर्वांत जास्त किंमत येते ती मूळ खोक्यातल्या, कुणाचा हात न लागलेल्या गाडीला. ती अशी कशी राहिली? एक तर ती दुकानात विकलीच गेली नाही, किंवा कुण्या मुलाला ‘हात लावू नकोस’ असे बजावले गेले. म्हणजे ज्या खेळण्याने सर्वांत कमी आनंद दिला, त्याला आपण सर्वांत जास्त पैसे मोजतो! ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत विरून गेलेली पैठणी, पाहुण्यांसाठी ठेवलेला आणि पाहुण्यांनाही न मिळालेला कपबशांचा संच, ही घरोघरची उदाहरणे याच जातीची.

जतन आणि कृपणपणा बाहेरून सारखेच दिसतात: तीच काच, तेच कुलूप, त्याच सिलिका जेलच्या पुड्या. फरक दिसतो तो किल्लीत. कुणासाठी तरी ती फिरते काय? जो कपाट उघडून दाखवतो, सांगतो, क्वचित हातात देतो, तो राखणदार. दुसऱ्याला मिळू नये एवढ्यासाठीच जो जपतो, तो केवळ मालक. आणि माझ्या सुभाषितात जे राहून गेले आहे, तेही इथेच सापडते. झिजावे हे खरे, पण निगा राखून झिजावे. निष्काळजीपणाने मोडणे म्हणजे झिजणे नव्हे.

स्नेह्यांकडे मॅचबॉक्सचे एकाच जातीचे दोन ट्रॅक्टर होते. त्यांतला टवके उडालेला त्यांनी नातवाला दिला. यंदा तो ट्रॅक्टर अंगणातल्या दिवाळीच्या किल्ल्याभोवती ओल्या मातीत फिरतो आहे, आणि त्याचा आस आता गंजू पाहणार हे उघड आहे. म्हणून दर रविवारी आजोबा नातवाच्या हातात सुई देतात, तेलाची वाटी पुढे ठेवतात, आणि थेंब टायरवर पडू न देता आसावर कसा सोडायचा हे त्याला शिकवतात.