कान आपले, घसा दुसऱ्याचा

भाची : मामा, मेल रुआनचा हट्ट मला पटत नाही. आजच्या डब्लिनजवळ, टॅला इथे ७७४ साली त्याने मठ काढला आणि हयातभर तिथे बिअरचा थेंब येऊ दिला नाही. फिंग्लस मठाचा डुब्लिटिर विनवत होता, की निदान मोठ्या सणांना तरी सूट द्या. तेवढंही नाही?

मामा : आधी तो काळ बघ. ७६४ मध्ये क्लॉनमॅकनॉइज आणि डरो या दोन मठांत चक्क लढाई झाली. डरोची २०० माणसं पडली. मठ श्रीमंत झाले होते, गाद्या घराण्यांत फिरत होत्या. अशा वेळी मवाळ सुधारणा टिकत नाही. म्हणून ‘केली दे’, म्हणजे ईश्वराचे सेवक, म्हणवणाऱ्या मेल रुआनसारख्यांनी स्वतःचा कस लावला. रोज १५० स्तोत्रं, हात क्रुसासारखे पसरून प्रार्थना. खांदे भरून आले तरी हात खाली घ्यायचे नाहीत.

भाची : कस स्वतःचाच लावावा. कोर्नान नावाचा एक विरक्त पावा वाजवायचा. मेल रुआन त्याला प्रेमाने भेटी पाठवायचा. कोर्नानने वादन ऐकवायची इच्छा कळवली, तेव्हा मात्र आपले कान स्वर्गीय संगीतासाठी राखले आहेत, असा निरोप गेला. इथे मी हात जोडते, कारण कान त्याचे होते. बिअरच्या बाबतीत घसा शिष्यांचा होता.

मामा : शिष्य नियम जाणूनच आले ना? एकाला सणाची सूट, दुसऱ्याला पाहुण्याची, तिसऱ्याला थंडीची. असं केलं तर नियम उरतो कुठे?

भाची : पण आमचे पिणारेही स्वर्गातच जातील, असं डुब्लिटिरने सुनावलंच.

मामा : ते मेल रुआनने नाकारलं नाही. माझ्या शिष्यांना न्यायदिनाच्या अग्नीत शुद्ध व्हावं लागणार नाही, तुमच्यांत मात्र जाळण्यासारखं काही उरेल, एवढंच त्याचं म्हणणं.

भाची : यात गर्व नाही का?

मामा : आहे. व्रतस्थाला सर्वांत उशिरा सुटणारा मोह तोच. आणि आयरिश परंपरेने तर टॅला आणि फिंग्लस या दोघांनाही आयर्लंडचे दोन डोळे म्हटलं.

भाची : मग माझा निवाडा ऐका. आपणहून आलेल्यांना कडक नियम दिला, तिथे तो बरोबर होता. त्याच नियमाने शेजारच्या मठाचं पुण्य तोलायला गेला, तिथे चुकला.