निष्ठा कोणाकडे मागायची?

सिडनीत वेस्ट्स टायगर्स नावाचा रग्बी लीगचा एक संघ आहे. २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे तो एनआरएलमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च स्पर्धेत, शेवटचा आला. शेवटच्या संघाला तिथे ‘वुडन स्पून’ मिळतो. लाकडी चमचा खरोखर कुणी हातात देत नाही, पण चिडवायला शब्द पुरतो. बाद फेरीत हा संघ शेवटचा खेळला तो २०११ साली. तरीही लायकहार्ट ओव्हलच्या गवताळ उतारावर रविवारी दुपारी माणसे दाटीवाटीने बसतात आणि वाद घालतात. कोणाला ठेवायचे, कोणाला सोडायचे, कोण फुकटचा पगार खातो, कोण गद्दार निघाला, हे वादाचे विषय. सामना हरून झाला तरी वाद संपत नाही.

हा खेळ आपल्याकडे फारसा पोहोचलेला नाही, म्हणून थोडी ओळख. एका बाजूला तेरा खेळाडू. चेंडू हातात धरून धावायचे, समोरच्यांनी धरून पाडायचे, पडलेल्याने उठून चेंडू मागच्याकडे सरकवायचा आणि पुन्हा सुरुवात. सहा वेळा पाडले की चेंडू समोरच्या संघाचा. शंभर-शंभर किलोची माणसे ऐंशी मिनिटे कबड्डीतली पकड करत आहेत, असे डोळ्यांसमोर आणा. यात शरीर झिजते. गुडघे, खांदे, डोके, काहीच सुटत नाही. तिशी उलटली की बहुतेकांचा उतार सुरू होतो. म्हणजे कमावण्याची वर्षे दहा-बारा, तीही दुखापतीने अर्ध्यावर संपली नाहीत तर.

आणि या खेळाचा जन्मच मुळी मजुरीच्या भांडणातून झाला. उत्तर इंग्लंडातले रग्बीपटू खाणीत नि गिरणीत राबणारे. शनिवारी सामन्याला गेले की त्या दिवसाची मजुरी बुडे. ती क्लबाने भरून दिली तर काय बिघडले, असे उत्तरेचे म्हणणे. खेळ हौसेनेच खेळला पाहिजे, असे पोटापाण्याची ददात नसलेल्या दक्षिणेतल्या सभ्य गृहस्थांचे. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी फारकत घेतली. त्या फारकतीतून आजची रग्बी लीग आली. सिडनीत तिची स्पर्धा १९०८ मध्ये सुरू झाली. बॅलमेन आणि वेस्टर्न सबर्ब्ज हे दोन क्लब पहिल्याच हंगामापासून तिच्यात होते. बॅलमेन तेव्हा गोदी कामगारांची वस्ती. १९९९ मध्ये या दोघांचे विलीनीकरण झाले आणि वेस्ट्स टायगर्स जन्माला आले. म्हणून या संघाचा प्रेक्षक एखाद्या खेळाडूवर ‘पैशासाठी गेला’ म्हणून ओरडतो, तेव्हा तो आपल्याच पणजोबांच्या बाजूच्या विरुद्ध बोलत असतो.

आता पैशाचे गणित. इथे युरोपातल्या फुटबॉलसारखी कोट्यवधींची ट्रान्स्फर फी नाही की आयपीएलसारखा लिलाव नाही. मुख्य तीस खेळाडूंच्या पगारावर सगळ्या क्लबांना सारखीच मर्यादा, तिला सॅलरी कॅप म्हणतात. ती मोडली तर शिक्षा कडक. मेलबर्न स्टॉर्मने २००७ आणि २००९ मध्ये जिंकलेली विजेतेपदे २०१० मध्ये याच गुन्ह्यासाठी काढून घेतली गेली. पैसा सारखा वाटला की संघ सारखे होतील, ही त्यामागची कल्पना. कागदावर ती सुंदर दिसते. पण खेळाडूला पैशाखेरीज आणखीही काही हवे असते. जिंकण्याची आशा हवी, शिकवणारा प्रशिक्षक हवा, तोलामोलाचे साथीदार हवेत. तळाच्या संघाकडे यातले काहीच नसते, म्हणून तो जास्त पैसे मोजतो. प्रेक्षक याला ‘ओव्हर्स’ म्हणतात. समजा, आठ लाख डॉलरच्या खेळाडूला दहा लाख दिले. वरचे दोन लाख त्याच मर्यादेतून येतात, म्हणजे उरलेल्या एकोणतीस जणांच्या वाट्यातून. संघ आणखी पातळ होतो, आणखी हरतो आणि पुढच्या वर्षी ओव्हर्सचा आकडा आणखी चढतो. बुडत्याचा पाय खोलात. करार लांबच्या मुदतीचा असला आणि माणूस चालला नाही, तर त्याला दुसऱ्या क्लबात पाठवून पगाराचा काही भाग आपणच भरत राहायचा. तोही कॅपमध्येच मोजला जातो.

लायकहार्टच्या उतारावरचा साधा प्रेक्षक हे गणित तोंडपाठ सांगतो. अमुक हाफबॅकला, म्हणजे चाली रचणाऱ्या खेळाडूला, पाच वर्षांचा करार देणे वेडेपणा आहे, हे त्याला सही होण्याआधी कळलेले असते आणि पुष्कळदा ते खरेही ठरते. म्हणून अशा वादांना रिकामटेकड्यांची बडबड म्हणणारे मला पटत नाहीत. माझी तक्रार वेगळी आहे. इतके अचूक गणित मांडणारा हा माणूस शेवटचे उत्तर लिहिताना राग मात्र खेळाडूच्या खात्यावर टाकतो.

२०१७ सालचे उदाहरण घ्या. जेम्स टेडेस्को, मिचेल मोझेस, ॲरन वुड्स आणि ल्यूक ब्रूक्स हे टायगर्सचे चार आधारस्तंभ. चौघांचे करार एकाच वेळी संपत आलेले. एकाच वर्षात चार मोठे करार संपू देणे हे खेळाडूंचे काम नव्हे, ते कचेरीतल्या माणसांचे. नियमानुसार कराराचा शेवटचा हंगाम उरला की आदल्या १ नोव्हेंबरपासून खेळाडू इतर क्लबांशी बोलू शकतो. त्यामुळे पुढच्या वर्षी शत्रूकडे जाणार हे ठरलेला माणूस वर्षभर आपल्याच जर्सीत खेळतो आणि प्रेक्षक ते पाहत बसतो. मोझेस तर हंगामाच्या मध्यावरच पॅरामॅटाला गेला. टेडेस्को रूस्टर्सकडे गेला, तिथे त्याने २०१८ आणि २०१९ ची विजेतेपदे जिंकली आणि पुढे विश्वचषकात ऑस्ट्रेलियाचा कर्णधार झाला. वुड्स बुलडॉग्जकडे गेला. त्या क्लबाचे कॅपचे गणित चुकले आणि काही महिन्यांतच त्याला क्रोनुलाकडे धाडण्यात आले.

ब्रूक्स एकटा राहिला. २०१८ मध्ये तो वर्षातला सर्वोत्तम हाफबॅक ठरला. त्यानंतर संघ घसरत गेला आणि प्रत्येक पराभवाचे खापर त्याच्या डोक्यावर फुटत गेले. दोनशेच्या आसपास सामने खेळून त्याला बाद फेरीचा एकही सामना मिळाला नाही. अखेर तो मॅन्लीला गेला आणि पहिल्याच वर्षी, २०२४ मध्ये, बाद फेरी खेळला. चौघांपैकी जो निष्ठावान निघाला, त्यालाच सर्वांत जास्त शिव्या खाव्या लागल्या. निष्ठेची किंमत काय, हे ड्रेसिंग रूममधली तरुण पोरे बघत होती.

त्या २०१७ मध्ये संघाचा प्रशिक्षक म्हणून आलेल्या आयव्हन क्लिअरीने चौघांना ऐकू जाईल असे जाहीर सांगितले होते की, बसमध्ये बसायचे की उतरायचे ते ज्याने त्याने ठरवावे. प्रेक्षक खूश झाले. ती बस त्यांच्या बोलण्यात महिनोन्‌महिने धावत होती. २०१८ अखेर, करार शिल्लक असताना, क्लिअरी स्वतः उतरला आणि पेनरिथला गेला. तिथे त्याचा मुलगा नेथन हाफबॅक होता. याच पेनरिथने २०१५ मध्ये क्लिअरीला काढून टाकले होते. पुढे बापलेकांनी २०२१ ते २०२४ सलग चार विजेतेपदे जिंकली. मी क्लिअरीला दोष देत नाही. आपल्या मुलाला शिकवण्याची संधी कोण सोडेल? पण तेच मोठे मन वीस-बावीस वर्षांच्या खेळाडूसाठीही दाखवायला हवे.

खेळाडूला क्लब बदलण्याचा हक्क आज हवेसारखा गृहीत धरला जातो. तो मिळवून देणारा माणूस बॅलमेनचाच होता. डेनिस टटी त्याचे नाव. साठच्या दशकात नियम असा होता की, करार संपला तरी क्लबाने नाव आपल्या यादीत ठेवले तर खेळाडू दुसरीकडे जाऊ शकत नाही. जायचेच तर नव्या क्लबाने जुन्याला पैसे मोजायचे. टटीने बॅलमेनकडे मोकळीक मागितली. क्लबाने नकार दिला. टटी कोर्टात गेला आणि १९६९ चा अख्खा हंगाम घरी बसला. त्याच हंगामात बॅलमेनने अंतिम सामन्यात साउथ सिडनीला ११-२ असे हरवून विजेतेपद पटकावले. त्याच्या साथीदारांनी चषक उचलला, तेव्हा तो संघात नव्हता. डिसेंबर १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने निकाल दिला की, हा नियम माणसाच्या रोजगाराच्या स्वातंत्र्यावर अवाजवी बंधन घालतो. तत्त्वासाठी चषक गमावणारे फार थोडे असतात. माझ्या हातात असते तर लायकहार्टच्या प्रवेशद्वारापाशी टटीचा पुतळा उभारला असता.

स्पर्धेचे चालक एवढ्यावर थांबले नाहीत. १९९० च्या सुमारास त्यांनी ड्राफ्ट आणला. त्यात खेळाडूने कुठे जायचे हे क्लबांच्या पाळीवर ठरे. टेरी हिल नावाच्या तरुणाला वेस्टर्न सबर्ब्जमध्ये जायचे होते, ईस्टर्न सबर्ब्जने त्याला उचलले. खेळाडूंची संघटना कोर्टात गेली आणि १९९१ मध्ये ड्राफ्टही रद्द झाला. टायगर्सच्या दोन्ही पूर्वज क्लबांची नावे या दोन लढ्यांशी जोडलेली आहेत, हे तिथल्या नव्या प्रेक्षकाला क्वचितच आठवते.

क्लबाने निष्ठा दाखवायची ठरवले तर काय होते, तेही टायगर्सनी पाहिले. रॉबी फराह हा त्यांचा अनेक वर्षांचा खेळाडू. निवृत्तीनंतर त्याला क्लबाचा दूत म्हणून पैसे देण्याचे कबूल केले गेले. तो करार कॅपच्या हिशेबात दाखवलाच नव्हता. २०१८ च्या अखेरीस एनआरएलने क्लबाला साडेसात लाख डॉलरचा दंड ठोठावला. अपिलानंतर शिक्षा सौम्य झाली. नियम मोडला हे खरेच. तरी या व्यवस्थेत निष्ठेला स्वतंत्र रकाना नाही, तीही पगारातच धरतात, हे यातून दिसले.

ताजे प्रकरण लॅकलन गॅल्विनचे. क्लबाच्या युवा संघातून वर आलेला, एकोणीस वर्षांचा, करार २०२६ अखेरपर्यंत. एप्रिल २०२५ मध्ये त्याच्या बाजूने कळवले गेले की, मुदतवाढीत त्याला रस नाही. सिडनीची वर्तमानपत्रे त्यावर आठवडेच्या आठवडे जगली. स्वतःच्याच मैदानावर त्याची हुर्यो उडवली गेली, आणि हंगाम अर्ध्यावर असतानाच क्लबाने त्याला बुलडॉग्जकडे सोडले. मुंबईकरांना हे दृश्य नवे नाही. हार्दिक पांड्या गुजरातहून परत आला, रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला आणि २०२४ मध्ये वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. निर्णय घेणारे वातानुकूलित कक्षात बसले होते. त्यांच्या नावाने कुणी शिट्टीही वाजवली नाही. मुंबई त्या वर्षी तळाला गेली.

माणसे गेली म्हणून संघ बुडतो का? पेनरिथकडे पाहा. कॅपमुळे विजेत्या संघाला सगळ्यांना ठेवणे परवडत नाही. २०२२ नंतर त्यांचे कोरोइसाऊ आणि किकाऊ गेले, २०२३ नंतर क्रिक्टन, २०२४ नंतर लुआई आणि फिशर-हॅरिस. तरी ते जिंकत राहिले, कारण पश्चिम सिडनीच्या मैदानांवर वाढणारी पुढची पोरे आधीच तयार होती. ॲपी कोरोइसाऊ गेला तो टायगर्सकडेच. पेनरिथकडून लागोपाठ दोन विजेतेपदे जिंकून तो आला, आणि २०२३ मध्ये टायगर्स पुन्हा शेवटचेच राहिले. जेरोम लुआई चार विजेतेपदे घेऊन आला, तेव्हा २०२५ मध्ये संघ तळावरून थोडा वर सरकला. पण कॅम्पबेलटाउनच्या परिसरात टायगर्सच्या अंगणातही पोरांची वाण नाही. ती वाढवायला लागतात दहा वर्षे आणि स्थिर कारभार. टायगर्सने त्या दहा वर्षांत प्रशिक्षक बदलले.

कारभार कोणाचा, हा प्रश्न म्हणूनच मला खेळाडूंच्या यादीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. न्यू साउथ वेल्समध्ये १९५६ पासून नोंदणीकृत क्लबांना पोकर मशीन ठेवायला परवानगी आहे आणि तिथले कितीतरी संघ त्या नाण्यांवर जगत आले आहेत. बॅलमेनचा रोझेलमधला लीग्ज क्लब २०१० मध्ये बंद पडला, बॅलमेन कफल्लक झाले आणि संघाची बहुतांश मालकी ॲशफील्डच्या वेस्ट्स क्लबाकडे गेली. घरचे मैदान लायकहार्ट की कॅम्पबेलटाउन, जर्सीवर केशरी किती नि पांढरा किती, यावर दोन्ही घराणी अजून भांडतात. डिसेंबर २०२३ मध्ये एका चौकशीनंतर अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी दोघांनाही जावे लागले. ज्यांनी ओव्हर्सच्या करारांवर सह्या केल्या, त्यांचा असा हिशेब होण्याची ही एक दुर्मीळ वेळ.

खेळाडू जाऊ शकतो, प्रशिक्षक जाऊ शकतो, अधिकारी भरपाई घेऊन जातो. प्रेक्षकाला मात्र १ नोव्हेंबर नाही. आजोबा बॅलमेनचे म्हणून नातू टायगर्सचा, आणि तो दुसरा संघ निवडेल ही कल्पनाच त्या घरात कुणाला शिवत नाही. त्याचा संताप मला कळतो. फक्त तो चुकीच्या दाराशी जातो. १९९९ अखेर साउथ सिडनीला स्पर्धेतून वगळले, तेव्हा त्यांचे प्रेक्षक कुठल्या खेळाडूला गद्दार ठरवत बसले नाहीत. ते चालकांविरुद्ध उभे राहिले. नोव्हेंबर २००० मध्ये सिडनीच्या रस्त्यांवर सुमारे ऐंशी हजार माणसे चालली, कोर्टात अपील लढवले गेले आणि २००२ च्या हंगामात तो क्लब स्पर्धेत परत आला.