‘हा माझाच ना?’

देह नाशिवंत आहे, हे आम्ही कीर्तनात चाळीस वर्षे सांगत आलो. एकदा मात्र ते सांगून आम्ही चुकलो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका गावी कीर्तन आटोपून बसलो असता एक म्हातारी माउली जवळ आली. तिचा मुलगा कारखान्याच्या आगीत गेलेला. हातातल्या कड्यावरून ओळख पटली असे सांगून एक बांधलेले गाठोडे घरच्यांच्या स्वाधीन केले होते. तिने विचारले, “महाराज, आम्ही अग्नी दिला तो माझाच ना?” आम्ही म्हणालो, “माउली, देह कोणाचाच नसतो.” ती काही न बोलता उठून गेली. वाक्य शास्त्राला धरून होते, पण तिने ते विचारलेच नव्हते.

पुढे १ जुलै २०२३ ला, आषाढी होऊन दोनच दिवस झालेले, समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्यास निघालेली बस रात्री पेटली. तेहतीसपैकी पंचवीस जीव गेले. चेहरे ओळखू येईनात. डी.एन.ए.च्या तपासणीला दिवस लागणार, म्हणून नातलगांच्या संमतीने दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात चोवीस जणांना एकत्र अग्नी दिला. ते वाचले आणि ती माउली पुन्हा समोर उभी राहिली.

मग ही ओळख पटवितात कशी, ते आम्ही जाणत्यांना विचारले. कपडे, दागिने यांवर ते लोक एकट्यावर भरवसा ठेवीत नाहीत. अंगठी उसनी घेतलेली असते, कडे दुसऱ्याच्या हातातही असू शकते. बोटांचे ठसे, दात आणि डी.एन.ए. ही तीन मुख्य साधने. आगीत ठसे बहुधा जातात. दाताचे वरचे कवच मात्र शरीरातील सर्वांत कठीण वस्तू. ओठ-गाल त्याला काही काळ आडोसा देतात, आणि दाताच्या पोटात नाहीतर मांडीच्या हाडात पुष्कळदा डी.एन.ए. शिल्लक राहतो. तो आईबाप किंवा लेकरांच्या नमुन्याशी ताडून पाहतात. दोघे सख्खे भाऊ एकाच आगीत गेले, तर आईबापाच्या रक्तावरून ‘यांचा मुलगा’ एवढेच कळते, ‘कोणता’ ते कळत नाही! मग घरातला त्याचा कंगवा, दात घासायचा ब्रश शोधावा लागतो. हाड पार जळून पांढरे झाले, तर डी.एन.ए. मिळणेही दुरापास्त.

दातांची ही विद्या जगापुढे आली तीही एका आगीनंतरच. ४ मे १८९७ रोजी पॅरिसमध्ये धर्मादाय बाजाराला आग लागून सव्वाशेच्या आसपास माणसे गेली, त्यांत बहुतेक बायका. कित्येकींची ओळख दागिन्यांवरून पटली, पण काही राहिल्याच. तेव्हा पॅराग्वे देशाच्या वकिलाने दंतवैद्यांना बोलवा असे सुचविले, आणि अलाँसोंच्या डचेसची ओळख तिच्या दंतवैद्याने पटविली. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीची ती सख्खी बहीण. पुढच्याच वर्षी आमोएदो नावाच्या दंतवैद्याने या विषयावर ग्रंथ लिहिला.

पाठशाळेत आम्हांला देवदत्ताचा दृष्टान्त शिकविला होता. पूर्वी अन्य गावी पाहिलेला ‘तो’, आज येथे दिसणारा ‘हा’. गाव, काळ, वेष बाजूला सारले की देवदत्त एकच. आम्ही तो पाठ केला आणि ब्रह्मापर्यंत पोहोचवून मोकळे झालो. हे लोक तोच पाठ शवागारात गिरवितात. एका कागदावर घरचे सांगतात तो ‘तो’: उंची, जुने हाडमोड, भरलेली दाढ. दुसऱ्या कागदावर टेबलावरचा ‘हा’. दोन्ही जुळेपर्यंत कोणाचे नाव लिहायचे नाही.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? देह न मिळाला तर पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करण्याची सोय धर्मशास्त्रातही आहेच. आहे. पण तो पुतळाही एका नावाचा असतो. नामगोत्र उच्चारल्यावाचून पिंड पडत नाही. आणि व्यवहार निराळा का आहे? मृत्यूचा दाखला नाही, तर विम्याचे पैसे नाहीत, जमिनीचा फेरफार नाही. बेपत्ता माणूस मेला असे मानायला कायद्याला सात वर्षे हवीत. तोवर बाईने कुंकू लावावे की पुसावे? शिवाय गाठोडे चुकले, तर एका घरी परका जळतो आणि दुसऱ्या घरी वाट पाहणे संपत नाही. एका चुकीने दोन घरांशी असत्य होते.

बुलढाण्याच्या नातलगांनी चूक केली काय? आम्हांस तसे म्हणवत नाही. त्या चितेवर आपले माणूस आहे एवढे त्यांना ठाऊक होते, संमती त्यांची होती. ती त्यांच्याऐवजी दुसऱ्या कोणी दिली असती, तर गोष्ट निराळी. वैराग्य स्वतःच्या देहाविषयी धरायचे असते. आम्ही ते त्या माउलीच्या मुलाविषयी धरले, तेही तिला न विचारता.

तिच्या गावी आम्ही पुन्हा गेलो नाही. तिला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच हवे होते, आणि ते आमच्या पोथीत नव्हते. “आम्हांला ठाऊक नाही, चला, तपासायला सांगू,” एवढे तरी त्या रात्री म्हणता आले असते.