एक दीनार आणि जवाची तीन मापे



प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात काळ्या घोड्यावरचा स्वार हाती तराजू घेऊन येतो आणि पाठोपाठ बाजारभाव ऐकू येतो (वचने ५ व ६): एका दीनाराला गव्हाचे एक माप, अथवा जवाची तीन मापे. भाषांतरकाराची लेखणी येथे हमखास अडते. मूळ ग्रीक शब्द 'खोयनिक्स'. त्याला शेर म्हणावे, लिटर म्हणावे, की नुसते माप? ते माप सुमारे एका लिटरचे, म्हणजे एका माणसाचे एका दिवसाचे धान्य. आणि दीनार ही मजुराची दिवसाची मजुरी, हे मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून आपणांस ठाऊक आहे.

आता हिशेब मांडून पाहा. गहू घेतला तर मजूर एकटाच जेवेल. जव घेतला तर त्याची पत्नी व एखादे मूलही जेवेल. परंतु तेल, मीठ, वस्त्र यांसाठी कवडीही उरणार नाही. त्या घरची माउली जव घेते, ती काय आवडीने? तिने पिशवी उचलण्यापूर्वीच तराजूने निवड करून ठेवलेली असते.

१८५७ साली एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने बेल्जियममधील कामगार कुटुंबांचे जमाखर्च अभ्यासून दाखवून दिले की, घर जितके गरीब, तितका उत्पन्नाचा मोठा वाटा अन्नावर खर्ची पडतो. आपल्या देशाचेच पाहा. सरकारी पाहणीनुसार १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातील सुमारे ५९ टक्के वाटा अन्नाचा होता. २०२२-२३ मध्ये तो सुमारे ४६ टक्क्यांवर आला. शहरांत तो सुमारे ३९ टक्के होता. तृणधान्यांवरील खर्च तर खेड्यांतही ५ टक्क्यांच्या आत आला (मोफत मिळालेल्या धान्याची किंमत यात धरलेली नाही). त्या मानाने पेये व तयार खाद्यपदार्थ यांवर खेड्यांत सुमारे साडेनऊ टक्के खर्च होऊ लागला.

ही सरासरी झाली. तिच्या खाली असलेली घरे आपल्या मंडळ्यांतही आहेत. ज्या घराची निम्म्याहून अधिक मिळकत चुलीपाशीच संपते, त्या घराला आपण उपदेशपीठावरून काटकसरीचे धडे द्यावेत, हे मला न्यायाचे वाटत नाही. आमोस संदेष्टा तर खोट्या तराजूबद्दल विकणाऱ्यास जाब विचारतो. रिकाम्या हाताने परतणाऱ्या गरिबास तो एका शब्दानेही दोष देत नाही.

तथापि सर्वच निवड तराजूची नसते. काही निवड रूढीची असते, आणि रूढी गरिबालाही सोडत नाही. लग्नाच्या पंगतीसाठी काढलेले कर्ज पहिले मूल शाळेत जाऊ लागले तरी फिटत नाही, अशी घरे आपण पाहतो. शिवाय रूढी नेहमी पुरातनच असते असेही नाही. जपानमध्ये ख्रिस्ती लोक शेकडा एकाच्या आसपास; तरीही तेथील असंख्य कुटुंबे नाताळच्या रात्री केंटकीचे तळलेले कोंबडे आणून खातात. त्या कंपनीने १९७४ साली देशभर जाहिरात केली आणि एका पिढीत ती घरोघरची चाल झाली. बाळ येशूचा जन्म ज्यांना ठाऊक नाही, त्यांनाही त्याच्या सणाचे जेवण ठाऊक झाले!

बाजाराला हे साधते, तर मंडळीला का साधू नये? मिझोरमच्या प्रेस्बिटेरियन मंडळीत ते १९१० पासून साधले आहे. तेथील गृहिणी प्रत्येक वेळी भात शिजवण्यापूर्वी मूठभर तांदूळ प्रभूसाठी बाजूला काढते. या प्रथेला 'बुहफाइ थाम' म्हणतात. प्रारंभी त्या डोंगराळ मुलखात रोख पैसा फारच थोडा होता. तांदूळ मात्र घरोघरी शिजत असे. म्हणून पैशाऐवजी तांदूळ. वर्गणी मागण्यास पुरुषाच्या खिशाकडे न जाता ही मंडळी स्त्रीच्या हाताकडे गेली, हे मला विशेष वाटते. मूठ काढायची ती जेवण झाल्यावर उरलेल्यातून नव्हे, भांडे चुलीवर चढण्याआधी. हा तांदूळ घरोघरून गोळा होतो, मंडळीत आणून विकला जातो आणि त्या पैशातून सुवार्ताकार्य चालते.