‘बसणें’

भाषेलाही लाज असते. जी गोष्ट उघड बोलण्यास जीभ कचरते तिच्यासाठीं ती एखादें निरुपद्रवी क्रियापद राखून ठेवते. सायंकाळीं अमरावतीच्या राजकमल चौकांत एक गृहस्थ दुसऱ्यास विचारतो, “काय भाऊ, आज बसाचं का?” कशास, कोठें, किती वेळ, ह्यांपैकीं एकही प्रश्न उलट येत नाहीं. इंग्रजांच्या ‘पब’ ह्या शब्दाच्या मुळाशीं सर्वांस मोकळें असलेलें घर ही कल्पना आहे. आमच्या ‘परमिट रूम’च्या मुळाशीं परवानगी आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचें तें अपत्य. वऱ्हाड मुंबई राज्यांत गेलें तें १९५६ सालीं. मागाहून हा कायदाही येथें आला. बंदी हा नियम, पिणें हा अपवाद, आणि त्या अपवादाचा परवाना कशासाठीं, तर आरोग्याच्या रक्षणासाठीं! प्रकृतीची इतकी काळजी वाहणारी मंडळी रोज दिवेलागणीस एकत्र जमते, हें पाहून प्रत्यक्ष धन्वंतरीसही समाधान वाटावें.

थट्टा राहूं द्या. ह्या बसण्यांत कांहीं खरें सुख आहे, हें नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. दिवसभर कचेरींत किंवा कापसाच्या बाजारांत घासलेला मनुष्य समोर चखणा आणि तिखट रस्सा घेऊन मित्रापाशीं दोन तास बसतो, आणि घरीं जें बोलवत नाहीं तें तेथें बोलतो. (बहुतेक बोलणें कापसाच्या भावाचें आणि बदल्यांचें असतें, ही गोष्ट निराळी.) मग ह्यांत इतरांनीं कां पडावें? मिल्लनें आपल्या १८५९ च्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथांत दारूबंदीच्या कायद्यांस विरोधच केला आहे, आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा तो विचार मराठींत रुजविणारे आगरकर तर अकोल्याच्या शाळेंत शिकलेले. ज्या कृत्याचें फळ कर्त्यासच भोगावें लागतें त्यांत समाजानें हात घालूं नये, हें तत्त्व मला मान्य आहे. परंतु दुसऱ्याविषयींचें निश्चित कर्तव्य मोडलें कीं तें कृत्य केवळ स्वतःपुरतें राहत नाहीं, हेंही मिल्लच सांगतो. अडचण एवढीच कीं, माझें बसणें माझ्यापुरतेंच आहे, हा निवाडा बसणारा स्वतःच देतो. आणि मेजाभोंवतीं जे साक्षीदार असतात ते सगळे एकाच पक्षाचे.

दुसऱ्या पक्षाची साक्ष पाहावयाची तर गाडगेबाबांचें बाळपण पाहावें. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव हें त्यांचें जन्मगांव, साल १८७६. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनानें गेले, आणि आईस लहान डेबूला घेऊन मूर्तिजापूरकडील दापुऱ्यास माहेरीं राहावें लागलें. झिंगराजींनीं घेतलेल्या प्रत्येक पेल्याचा वांटेकरी तो मुलगा होता, आणि त्याला कोणीं विचारलें नव्हतें. पुढें स्वतःच्या मुलीच्या बारशास, दारू व मटण देण्याची जातींतील रीत मोडून, ह्याच डेबूजींनीं गोडाचें जेवण घातलें. भाऊबंद रागावले. कायदा नव्हता, उपदेशही नव्हता. यजमानानें पंक्ति तेवढी बदलली.

कायद्यानें हें साधतें असें मला वाटत नाहीं. वर्धा नदीच्या पलीकडे वर्धा जिल्ह्यांत कित्येक दशकें दारूबंदी आहे, अलीकडे अमरावती जिल्ह्यांत नाहीं. पूल ओलांडल्यानें मनुष्य बदलत नाहीं. त्यापेक्षां २००८ च्या सरकारी आदेशांतील तरतूद मला अधिक अर्थपूर्ण वाटते. गांवांतील किंवा प्रभागांतील निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनीं ‘आडव्या बाटली’स मत दिलें, तर तेथील दुकान बंद होतें. ज्या कधीं बसल्या नाहींत त्यांना येथें प्रथमच कोणी विचारलें. अर्थात् मतपत्रिकेवर उभी आणि आडवी अशा दोनच बाटल्या. ‘थोडी’ असें म्हणण्यास तीवर जागा नाहीं, आणि मध्यमवर्गाचा सगळा भर तर त्या ‘थोडी’वर. ती थोडी किती, हें ज्याच्या घरीं ठाऊक असतें त्याच्या बसण्याशीं माझें भांडण नाहीं.

अमरावतीस काय, अकोल्यास काय, ‘फॅमिली रेस्टॉरंट’ आणि ‘परमिट रूम’ हे शब्द एकाच पाटीवर शेजारीं शेजारीं दिसतात. आंत मात्र मध्यें पडदा तरी असतो, नाहीं तर जिना. रविवारीं मुलांस घेऊन अलीकडे जेवलेला बाप मंगळवारीं पलीकडे असतो. उशीर कां झाला, असें घरीं कोणीं विचारलेंच, तर “जरा बसलों होतों” असें उत्तर मिळतें. आणि तें खोटें नसतें.